निवृत्त, अंदाजे

अंजनी गोतमारेचं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालत होतं आणि याची तिला काडीमात्र लाज वाटत नव्हती. बास्केटबॉलचा चेंडू शंभरदा रिंगकडे फेकला तर निम्म्याहून जास्त वेळा तो आत जात नाही. रिंगवर आपटतो, मागच्या फळीवर आपटतो आणि कुठंतरी खाली येतो. तो जिथं येणार तिथं त्याच्याआधी जाऊन उभं राहायचं आणि तो ताब्यात घ्यायचा, याला रिबाउंड म्हणतात. रेल्वे गेली चौदा वर्षं अंजनीला या कामाचा पगार देत होती. जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या ऑफिसात तिच्या नावाची खुर्चीही होती. दुपारी त्या खुर्चीवर बसून ती आलेल्या कागदांवर शिक्के मारत असे. पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की मॅडमची खरी जागा रिंगच्या खाली, जराशी डाव्या हाताला आहे.

तिचं तत्त्वज्ञान कोणी विचारलं असतं तर ती लाजली असती, पण होतं तिच्याजवळ. चेंडू सुटला की कोर्टवरच्या सगळ्या वर बघतात. अंजनी बघत नसे. समोरच्या टीममधली सगळ्यात धोक्याची बाई शोधून ती तिच्याकडे पाठ करायची, कंबर खाली घालायची आणि तिला पाठीवर अडवून धरायची. चेंडू काय, येतोच. तो वरच राहिल्याचं आजवर ऐकिवात नाही. आपल्या हातात असते ती फक्त जागा. दुसरं असं, की जिचा नेम चुकला तिच्याकडे अजिबात बघायचं नाही. बघितलं की ती पुढचाही चुकवते. चेंडू घ्यायचा, तिच्याच हातात परत द्यायचा आणि म्हणायचं, "फिर मार."

अंजनीची उंची पाच फूट साडेअकरा इंच. लग्नासाठी अकरा स्थळं येऊन गेली. त्यातल्या नऊ जणांना ती बसलेली असेपर्यंत पसंत होती. उरलेल्या दोघांनी खेळ सोडायची अट घातली, तेव्हा अंजनी स्वतःच उठून उभी राहिली. आता ती छत्तीस वर्षांची होती, रांझीच्या घरात आईबाबांजवळ मजेत राहत होती, आणि डावा गुडघा सोडला तर तिची कुणाबद्दल तक्रार नव्हती.

बाबांची तिच्या खेळाबद्दल मात्र होती. विष्णूजी गोतमारे रिछाईच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. सुताचा फरक असला तरी माल परत पाठवायचे. घरी पोळी जरा वाकडी झाली तर ते तिला ताटातच एकदा फिरवून बघायचे. बोलायचे काही नाहीत, कारण पोळी अंजनीच्या आईनं, सुमित्राबाईंनी, केलेली असे. अंजनीचा खेळ पाहायला ते एकदाच गेले होते, ती कॉलेजात असताना. अख्ख्या सामन्यात पोरीनं एकदाही चेंडू रिंगकडे फेकला नाही हे पाहून त्यांची खात्री पटली, की या हिंदी पोरी आपल्या मराठी पोरीला चेंडू मारूच देत नाहीत. ते इतके दुखावले की पुन्हा गेले नाहीत. फक्त प्रत्येक सामन्यानंतर विचारायचे, "किती केले?"

"चार."

"अच्छा," बाबा म्हणायचे, आणि सकाळी पेपर उघडून बघायचे. पेपरात सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्या तिघींची नावं असायची. रिबाउंड छापायची जबलपूरच्या पेपरात पद्धत नव्हती.

त्या गुरुवारी मात्र अंजनीचं नाव पेपरात आलं. फोटोसकट.

सकाळची प्रॅक्टिस संपली तेव्हा पटेरिया सरांनी तिला बाजूला बोलावलं. सर तिचे कोच. पन्नाशी उलटली होती, गळ्यात शिट्टी, हातात चौघडी घातलेला पेपर.

"चौदह साल साथ रहे यार," सर म्हणाले. "और हमको पेपर से पता चल रहा है?"

अंजनीनं पेपर उघडला. वैदर्भीय स्नेहमंडळाचा गुणगौरव समारंभ, येत्या रविवारी, राइट टाऊन. खाली सत्कारमूर्तींची यादी. शेवटून दुसरं नाव: सेवानिवृत्त, सुश्री अंजनी विष्णू गोतमारे, बास्केटबॉल खिलाड़ी.

"सर, मैं रिटायर नहीं हुई."

"छपा है."

"मुझसे किसी ने पूछा तक नहीं!"

पटेरिया सरांच्या तोंडावरची कळा बदलली. सुट्टी मंजूर होऊन घरी निघालेल्या माणसाला गेटवरून परत बोलवावं, तशी ती कळा होती. सर तसे सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं.

"बुरा मत मानना. दो महीने से सोच रहा हूँ तुझसे कैसे बोलूँ. अंतरा तैयार हो गई है, और तेरा घुटना... आज पेपर देखा तो मैंने हाथ जोड़ लिए."

"किसको?"

"पेपर को."

अंतरा कोर्टच्या दुसऱ्या टोकाला बुटांच्या नाड्या सोडत होती. पनागरच्या एका मटारवाल्या शेतकऱ्याची मुलगी, एकवीस वर्षांची, उंची सहा फूट. ती उडी मारायची तेव्हा वर जाऊन क्षणभर थांबते, इकडंतिकडं बघते आणि मग खाली येते, असं वाटायचं. पाठ करून समोरच्याला अडवायचं कसं हे तिला दोन वर्षं अंजनीनंच शिकवलं होतं. कोणी न सांगता, फुकट.

"सुन," सर म्हणाले. "सोमवार सुबह ट्रायल, दोपहर को आंतर-रेल्वे टूर्नामेंट के बारह नाम ऊपर जाएँगे. ट्रायल सबका हक है, आ जा. पर संडे को तू शॉल ओढ़ के रिटायर होगी और मंडे को ट्रायल देगी, तो साहब लोगों को मैं क्या बताऊँगा? वो सब पेपर पढ़ते हैं. सोमवार के पेपर में आ जाए कि नहीं हुई, तो मैं लड़ लूँगा. नहीं तो बेटा, शॉल मुबारक."

अंजनीनं तिथूनच मंडळाच्या सचिव क्षमाताईंना फोन लावला. क्षमाताई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शेवटच्या काही वर्षांत वर्गात तीन विद्यार्थी असत आणि त्यातला एक चुकून आलेला असे. सगळी अडून राहिलेली मराठी ताई आता मानपत्रांत ओतत.

"अगं, तुझंच लिहून राहिली मी!" क्षमाताई म्हणाल्या. "बास्केटबॉलमध्ये गोल म्हणतात की रन?"

"ताई, मी रिटायर झाली नाही."

"असं कसं? फॉर्म आहे ना माझ्यासमोर."

मंडळाचा फॉर्म साधा होता. सत्कार तीन प्रकारच्या माणसांचा होत असे: परीक्षा पास झालेले, बढती मिळालेले आणि निवृत्त झालेले. तिन्हींतल्या एकावर खूण करायची. जो मधेच आहे, रोज उठून आपलं काम करून राहिला आहे, त्याचा सत्कार करायची मंडळात सोय नव्हती. कधी कोणी मागितलीही नव्हती.

"कोणी भरला फॉर्म, ताई?"

"नाव तुझं आहे, आणि खाली सही पालकाची आहे. पण काय अक्षर आहे गं! छापल्यासारखं. एक काना ओळीच्या खाली नाही."

अंजनीनं फोन ठेवला. एकही काना ओळीखाली जाऊ न देणारा माणूस रांझीत एकच होता.

तो माणूस घरासमोरच्या ओट्यावर उन्हात मटार सोलत बसला होता. किडका दाणा निघाला की तो वेगळ्या वाटीत ठेवत होता. पुरावा म्हणून, बहुतेक.

"बाबा, काहून केलं असं?"

काय केलं हे बाबांनी विचारलं नाही. "उभ्याउभ्या विचारू नको," ते म्हणाले. "वर पाहून मान दुखते माझी."

अंजनी पायरीवर बसली. बाबांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"बेचाळीस वर्षं मंडळात जाऊन राहिलो मी," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं लोकांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. गौतमरावाच्या पोरासाठी तर दोनदा. पासचा झाला, बढतीचा झाला. तुझ्यासाठी कोणत्या खान्यात खूण करू? परीक्षा तू देत नाही. बढती खेळाडूला होत नाही. उरलं काय?"

"मी रिटायर होईन तेव्हा करतील ना."

"तू होशील साठाव्या वर्षी. अजून चोवीस वर्षं. तेव्हा मी एकशे दोन वर्षांचा." बाबांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. "मंडळाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, अंजू. एकशे दोनव्या वर्षी तो जिना होईल का मला?"

"म्हणून खोटं लिहिलं?" अंजनी म्हणाली.

"खोटं नाही. अंदाजे."

बाबांनी आयुष्यात काही अंदाजे केल्याचं अंजनीला आठवेना. आतून सुमित्राबाईंचा आवाज आला, "मला विचारायचं काम नाही! मी फक्त पेन आणून दिला."

"बाबा, पेपरात आलं ते. सर मला टीममधून काढून राहिले. सोमवारच्या पेपरात चूक सुधारली नाही, तर संपलं माझं."

बाबांचा हात शेंगेवर थांबला. "एका शालीपायी?"

"शालीपायी."

ते उठले आणि चपला शोधू लागले. "चलो. मंडळात जातो आणि सांगून येतो, की मी चुकीचा माल पास केला."

चपला त्यांच्या समोरच होत्या. त्यांना त्या दिसत नव्हत्या. मंडळाच्या निवडणुकीत मतं मोजायला दरवर्षी त्यांनाच बसवत. 'गोतमाऱ्यांनी पाहिलं ना? मग झालं,' असं म्हणायची तिथं रीत होती. या एका वाक्यावर बाबा गेली वीस वर्षं निवृत्तीत तग धरून होते. अंजनीला ते ठाऊक होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली असती तर त्यांना चपला संध्याकाळपर्यंत सापडल्या नसत्या. म्हणून ती मटाराच्या वाटीकडे बघत म्हणाली, "बसा हो बाबा. रविवार यायचा आहे अजून. मी पाहते काय ते."

तीन दिवस तिनं एकच विचार केला: हा चेंडू पडणार कुठं? एक तर बाबांच्या डोक्यावर, नाही तर आपल्या. तिसरी जागा तिला दिसेना. मग तिनं ठरवलं, की सत्कार घ्यायचा, माईक हातात आला की सांगायचं, 'मीच बाबांना चुकीचं सांगितलं.' मंडळ चार दिवस नावं ठेवेल. ठेवू दे. उंचीवरून मंडळ तिला तसंही अठरा वर्षं नावं ठेवत होतं.

रविवारी बाबा दोनदा थांबून जिना चढले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते कोणाशी बोलत नव्हते. सुमित्राबाई दोघांच्या वाटचं बोलत होत्या. हॉल भरला होता. मागच्या टेबलावर खोव्याच्या जलेबीची परात झाकून ठेवली होती आणि शेवटच्या तीन रांगांचं लक्ष कार्यक्रमापेक्षा त्या झाकणाकडे होतं.

पास झालेले झाले. बढतीवाले झाले. मग निवृत्त. क्षमाताईंनी मानपत्र वाचलं. त्यात अंजनीनं असंख्य गोल केले होते, विजेसारखी धावली होती आणि आता कृतार्थ मनानं विसावली होती. ऐकताऐकता अंजनीला वाटलं, की माणूस फार चांगला होता बिचारा, आपण एकदा तरी भेटायला हवं होतं. मग अध्यक्ष आनंदराव शाल घेऊन पुढे आले. आनंदरावांची उंची पाच फूट दोन इंच. त्यांनी शाल डोक्यावरून जाळं टाकावं तशी वर उडवली; अंजनीनं गुडघे वाकवून ती खांद्यावर झेलली. टाळ्या पडल्या. हातात नारळ आला, त्यामागून माईक.

"मला दोनच वाक्यं बोलायची आहेत," अंजनी म्हणाली. "मी रिटायर झाली नाही. मीच बाबांना चुकीचं सांगितलं आणि त्यांनी तसं लिहून दिलं. माफ करा सगळ्यांनी."

शेवटच्या तीन रांगांनीही झाकणावरून नजर काढली.

पहिल्या रांगेत बाबा उभे राहिले. "ती खोटं बोलून राहिली," ते म्हणाले. त्यांना माईक लागला नाही. "तिनं मला काही सांगितलं नाही. तिला पत्ताच नव्हता. फॉर्म मी भरला, मनानं भरला. अक्षर तपासून पाहा. चुकीचा माल मी पास केला. काय शिक्षा करायची ते मंडळानं सांगावं."

"बाबा, बसा," अंजनी म्हणाली.

"तू बस."

यापुढं काय करायचं ते मंडळाच्या घटनेत लिहिलेलं नव्हतं. आनंदराव आणि क्षमाताई डोकं जवळ आणून कुजबुजू लागले. अंजनीकडून परत घेतलेला माईक आनंदरावांच्या हातात चालूच होता, त्यामुळं ती कुजबुज खालच्या रस्त्यापर्यंत जात होती.

"आता शालीचं काय करायचं?"

"परत घ्यायची का?"

"परत घ्यायचा नियम नाही आपल्यात."

"मग राहू द्या."

"राहू दिली म्हणजे ती रिटायर झाली ना."

"पण नाही झाली ना बाप्पा ती!"

"अहो, जलेबी थंड होऊन राहिली!" मागून एक बाई ओरडली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून गौतमराव उठले. ज्यांच्या पोरासाठी बाबांनी दोनदा टाळ्या वाजवल्या होत्या, तेच. ते बाबांकडे न बघता, पंख्याकडे बघून बोलले. "विष्णूजी, खाली बसा हो तुम्ही. आमच्या पोराची ती बढती... ती बदली होती. सिवनीला. मंडळात बदलीचा खाना नाही, तर मी म्हटलं, बढतीतच टाकून द्या."

"आमच्या शरयूचे दोन विषय राहिले होते त्या वर्षी," विनताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मागाहून सुटले. पण सत्काराच्या दिवशी राहिले होते."

मग कोणी थांबेना. चार मिनिटांत मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या सत्कारांपैकी सात अंदाजे निघाले. एक निवृत्ती तर मुळात राजीनामा होती. क्षमाताईंनी कानांवर हात ठेवले, कारण मानपत्रं सगळी त्यांनीच लिहिली होती. बाबा अजून उभेच होते. पण आता ते शिक्षेची वाट बघणाऱ्या माणसासारखे दिसत नव्हते. त्यांची तपासनीसाची भुवई वर गेली होती आणि ते एकेकाकडे वळून बघत होते.

शेवटी ठराव झाला. सत्कार झाला तो झाला. तो आगाऊ झाला असं समजावं, आणि सुश्री गोतमारे प्रत्यक्ष निवृत्त होतील तेव्हा तो पुन्हा केला जाणार नाही. अंजनीला विचारण्यात आलं, की हे मान्य आहे का. तिनं इतक्या तत्परतेनं हो म्हटलं की आनंदरावांना जरा वाईट वाटलं. पेपरात सुधारणा लगेच पाठवायचं काम क्षमाताईंनी घेतलं. हिंदीचा त्यांना मनापासून राग होता, त्यामुळं दोनच वाक्यांत उरकलेली सुधारणा सोमवारी सकाळी छापून आली: 'सुश्री अंजनी गोतमारे सेवानिवृत्त नहीं हुई हैं. मंडल को इसका खेद है.'

बाबांनी पेपर चौघडी करून खिशात घातला. "हा मी स्वतः देणार तुझ्या सरांना," ते म्हणाले. "चूक माझी होती."

अंजनी त्यांना स्कूटरवर मागं बसवून कोर्टवर घेऊन गेली. कडाक्याची थंडी होती. बाबांनी कानटोपीवरून मफलर गुंडाळला होता आणि त्यांचे फक्त डोळे दिसत होते. पटेरिया सरांनी उभ्यानं पेपर वाचला, पुन्हा वाचला, आणि खेदाच्या जागी आले तेव्हा त्यांना हसू आवरेना.

"ठीक है अंकल जी. बैठिए. अंजनी, पीली जर्सी. अंतरा, नीली."

वीस मिनिटांचा ट्रायल सामना. अंतरा समोर आणि पहिला चेंडू सुटला. अंजनीनं वर न बघता पाठ केली, कंबर खाली घातली, पोरीला पाठीवर घेतलं. चेंडू रिंगवरून उडून हातात आला. दुसराही आला. तिसऱ्याला गुडघ्यानं करकर केली, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. चौथ्याला अंतरा बाजूनं निसटली आणि वर जाऊन थांबली, नेहमीसारखी, आणि चेंडू घेऊन सावकाश खाली आली.

"अच्छा," अंजनी धापा टाकत म्हणाली. "ऐसा है?"

"आप ही ने तो सिखाया दीदी," अंतरा म्हणाली. तिला जरासुद्धा धाप लागलेली नव्हती. याचा अंजनीला राग आला.

मधल्या सुट्टीत ती पाणी प्यायला कडेला आली, तेव्हा बाबा सरांना विचारत होते. त्यांचं हिंदी कारखान्यातलं होतं, ठोकून बसवलेलं.

"सर, एक बात बताइए. मेरी लड़की मारती क्यों नहीं? या उसको कोई मारने देता नहीं?"

"अंकल जी," सर म्हणाले, "मारने वाली मेरे पास ग्यारह हैं. हर एक को लगता है कि उसका अंदर जाएगा. एक तो ऐसी चाहिए ना, जो मान के चले कि नहीं जाएगा, और फिर भी नाराज न हो."

बाबांनी विचारलं, "इसकी अलग से पोस्ट होती है?"

"कागज पर नहीं होती."

"होनी चाहिए," बाबा म्हणाले. मग आपण अठरा वर्षं 'किती केले' असं विचारत होतो तेव्हा नक्की काय विचारत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मफलर नाकावर ओढून घेतला आणि ते कोर्टच्या रेषांकडे बघू लागले. अंजनीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पाण्याची बाटली ठेवून आत गेली.

शेवटचं मिनिट. निळ्या टीमची एकजण लांबून फेकत होती. अंजनी जागा घ्यायला वळली आणि जागा तिथं नव्हती. तिथं अंतराची पाठ होती. कंबर खाली, पाय फाकलेले, कोपरं बाहेर, वर न बघणारी. अंजनीनं डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. पाठ हलली नाही. तिला स्वतःच्याच पाठीवर डोकं आपटत असल्यासारखं वाटलं. चेंडू आला, अंतराच्या हातात गेला आणि शिट्टी वाजली.

अंजनी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. तिला भयंकर चीड आली होती आणि ती हसत होती. यातलं कोणतं खरं हे शोधायला तिच्याजवळ दम उरला नव्हता.

"कोपर थोडा और बाहर," ती म्हणाली. "रेफरी नहीं देखता उतना."

दुपारी नावं लागली. अंतराचं पाचवं. अंजनीचं बारावं, त्याखाली रेघ. पटेरिया सर तिच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"बेंच पे बैठना पड़ेगा. ज्यादातर."

"कितना?"

"पाँच-सात मिनट खेलेगी. जब सब घबराएँगे तब. चलेगा?"

अंजनीनं पाच-सात मिनिटांत किती नेम चुकतात याचा मनाशी अदमास घेतला. घाबरलेल्या पोरींचे तर जास्तच चुकतात. "चलेगा सर," ती म्हणाली.

घरी परतताना बाबा मागं बसले होते. रांझीचं वळण आलं तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर बोट वाजवलं.

"उद्या किती वाजता असते?"

"उद्या नुसती प्रॅक्टिस आहे बाबा. पाहण्यासारखं काही नसते."

"ते मी ठरवीन. किती वाजता?"

"सहाला."

"मग सव्वापाचला उठवजो मला," बाबा म्हणाले. "आणि आजच्यासारखं त्या खांबाजवळ नको बसवू. तिथून फक्त रिंग दिसते. मला खालचं पाहायचं आहे."